रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम : मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी कॉन्फिगरेशन

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस) : मायक्रोकंट्रोलरवरील कामे ठरलेल्या कालमर्यादेत पार पाडण्यासाठी वापरली जाणारी आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टिम. वेगापेक्षा वेळेची निश्चिती हा तिचा मुख्य गुण. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात रिअ‍ॅक्टरचे तापमान मर्यादेबाहेर गेले, तर डिस्प्लेवर आकडे उमटेपर्यंत व्हॉल्व्ह बंद करणे थांबू शकत नाही. कोणते काम आधी, किती अंतराने आणि किती मेमरीत करायचे, हे कॉन्फिगरेशनमध्ये ठरते.

प्रणाली : रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये फ्रीआरटीओएस तयार केली. २०१७ पासून ती अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसकडे असून एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते. लिनक्स फाउंडेशनने २०१६ मध्ये झेफर प्रकल्प सुरू केला. फ्रीआरटीओएसमधील बहुतेक निवडी एकाच हेडर फाइलमध्ये नोंदवल्या जातात.

टिक : कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, कालमापन टिकवर (ठरावीक अंतराने येणाऱ्या टायमरच्या ठोक्यावर) चालते आणि टिकचे गणित बोर्डावरील क्रिस्टलवर. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पात वापरलेल्या फायरबर्ड-५ रोबोवर अ‍ॅटमेगा २५६० चिप व १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. अर्डुइनो मेगावर हीच चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. मेगासाठी लिहिलेली कॉन्फिगरेशनची फाइल फायरबर्डवर तशीच वापरली, तर १,००० हर्ट्झचा टिक ९२१.६ हर्ट्झवर येतो आणि तासाची मोजणी सुमारे पाच मिनिटे उशिरा पूर्ण होते.

स्टॅक : प्रत्येक टास्कला, म्हणजे कामाला, स्वतंत्र स्टॅक (तात्पुरत्या माहितीसाठीची मेमरी) लागतो. अ‍ॅटमेगा २५६० मध्ये एकूण रॅम केवळ ८ किलोबाइट. फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅकचे माप बाइटमध्ये नसून वर्डमध्ये असते. त्यामुळे १२८ हा आकडा ३२-बिट चिपवर ५१२ बाइट होतो, तर याच चिपसारख्या ८-बिट एव्हीआरवर १२८ बाइटच राहतो. विकासाच्या काळात स्टॅक-ओव्हरफ्लोची तपासणी चालू ठेवावी.

प्राधान्य : फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा असलेला टास्क वरचढ असतो. आर्म कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये याउलट लहान आकडा वरचढ ठरतो. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वरचढ इंटरप्टमधून कर्नलची फंक्शन्स वापरता येत नाहीत.

म्युटेक्स : सामायिक साधन एका वेळी एकाच टास्कला वापरू देणारे कुलूप. कमी प्राधान्याच्या टास्कने सामायिक साधन अडवले आणि मधल्या प्राधान्याच्या टास्कने त्याला मागे रेटले, तर सर्वांत महत्त्वाचे काम अडून राहते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता. त्यावरील व्हीएक्सवर्क्स प्रणालीत प्राधान्य-वारशाची (साधन अडवणाऱ्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य देण्याची) सोय होती, पण त्या म्युटेक्ससाठी ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केल्यावर दोष गेला. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये ही सोय असते, बायनरी सेमाफोरमध्ये नसते. म्हणून सामायिक साधनाच्या रक्षणासाठी म्युटेक्सच घ्यावा.

मूल्यमापन : नमुना प्रकल्पातील फाइल ही केवळ सुरुवात असते. क्रिस्टलची वारंवारता, स्टॅकचा प्रत्यक्ष वापर आणि प्रत्येक कामाला लागणारा जास्तीत जास्त वेळ आपल्या बोर्डावर तपासल्याशिवाय ती कारखान्यातील यंत्रावर चढवू नये.