भानुदास परतले नसते तर?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण आपल्याकडे जर-तर करणाऱ्याचे तोंड बंद करायला वापरतात. इतिहासाचे जाणकारही बहुधा तेच सांगतात. जे घडले ते लिहा, न घडलेल्याच्या मागे लागू नका. सल्ला शहाणपणाचा आहे. पण वारकऱ्याला एक जर-तर असा गिळून टाकता येत नाही, कारण ते थेट विटेवरच्या मूर्तीशी येऊन भिडते. पांडुरंगाची मूर्ती एकदा पंढरपूर सोडून तुंगभद्रेच्या काठी गेली होती आणि पैठणच्या भानुदास महाराजांनी ती परत आणली, हे आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकत आलो. भानुदास तिकडे गेलेच नसते, किंवा गेले आणि परत आले नसते, तर?

हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. विजयनगरच्या राजाने मूर्ती आपल्या राजधानीत नेली. आषाढीला जमलेल्या संतमेळ्याला विटेवर देव दिसेना. भानुदासांनी पत्करले की मी आणतो. ते विजयनगरला पोचले, रात्री बंद देवळात देवाने त्यांना आपल्या गळ्यातला रत्नहार घातला, सकाळी तो हार त्यांच्याकडे सापडला आणि चोर म्हणून त्यांना सुळावर द्यायचे ठरले. सुळाला पालवी फुटली, राजा ओळखून गेला आणि देव लहान होऊन भक्ताबरोबर निघाला. महिपती महाराजांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात भानुदासांचे चरित्र आहे आणि गावोगावच्या फडांवर ते आजही रंगते. पंढरपूरच्या देवळात भानुदासांची समाधी दाखवतात. त्यातला चमत्कार श्रद्धेचा आहे, त्यावर इथे वाद घालायचा नाही. परंपरा हा राजा कृष्णदेवराय मानते. त्याचे राज्य १५०९ ते १५२९ असे चालले.

आता ते देऊळ पाहू, कारण ते अजून उभे आहे. हंपीला जाणे झाले नसेल तर खिशातली पन्नासची निळी नोट काढा आणि उलटी करून पाहा. त्यावर जो दगडी रथ आहे तो हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या अंगणातला. रथ कसला, गरुडाचे ते देऊळच आहे, रथाच्या आकाराचे. १५१३ च्या सुमारास राजाने आणि त्याच्या राण्यांनी या मंदिरात मोठी भर घातली. गोपुरे चढली, मंडप झाले, बोटाने टिचकी मारली की स्वर निघतो असे दगडी खांब उभे राहिले. आपल्या पंढरपूरच्या देवळात कारागिरीची इतकी श्रीमंती नाही. नामदेव पायरीवरून आत शिरणाऱ्या माणसाला खांब पाहायला फुरसत तरी कुठे असते! हंपीत मात्र पाहण्यासारखे सारे आहे. गाभारा तेवढा रिकामा आहे.

तो कसा रिकामा झाला याचा एक भाग इतिहास ठामपणे सांगतो. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर यांच्या फौजा एकत्र आल्या, विजयनगरचा रामराय मारला गेला आणि पुढे कित्येक महिने राजधानी लुटली, फोडली आणि जाळली गेली. एवढे मोठे नगर ओस पडले ते पुन्हा वसले नाही. म्हणजे भानुदास परतले नसते तर मूर्ती पन्नासेक वर्षे राजवैभवात राहिली असती आणि मग त्या लुटीत सापडली असती. पुजाऱ्यांनी एखाद्या रात्री ती उचलून दूर नेलीही असती, असे अनेक देवांच्या बाबतीत घडले आहे. पण ती पंढरपूरला आली असती याची खात्री कोण देणार?

या जर-तरची धास्ती इथपर्यंतच आहे. इथे थांबले तर वाटते की आपला सगळा संप्रदाय एका माणसाच्या एका प्रवासावर टांगलेला होता. भानुदासांचे ऋण मोठे आहे, त्यात शंका नाही. तरी मला हे खरे वाटत नाही.

आधी साधा व्यवहार बघा. देव हंपीला राहिला असता तर वारी हंपीला वळली असती का? पंढरपूरहून हंपी सरळ रेघेत मोजली तरी तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आळंदीहून निघालेला वारकरी जेवढे चालून पंढरपूर गाठतो, तेवढेच आणि त्याहून जास्त त्याला पुढे चालावे लागले असते. वाटेत कृष्णा लागते. हंपी तुंगभद्रेच्या दक्षिण काठाला आहे, तेव्हा तीही ओलांडायची, आणि ती ऐन आषाढात. पेरणी उरकून निघालेला कुणबी कोळपणीच्या आत घरी पोचला पाहिजे, हे आपल्या वारीचे न लिहिलेले पंचांग आहे. हंपीच्या वाटेवर ते बसत नाही. चार साधू आणि दोन सावकार गेले असते. वऱ्हाड-खानदेशातली बाई डोक्यावर तुळस घेऊन गेली नसती.

मग ती कुठे गेली असती? माझे उत्तर असे की ती पंढरपूरलाच गेली असती. कारण राजाने नेली ती मूर्ती. चंद्रभागा नेता येत नव्हती, वाळवंट नेता येत नव्हते, आणि नदीच्या पात्रात बसलेला पुंडलिक तर मुळीच हलणारा नव्हता. पंढरपूरचे जुने लेख पाहिले तर हे नीट कळते. होयसळ राजा सोमेश्वराच्या शके ११५९ च्या, म्हणजे १२३७ सालच्या लेखात भीमेच्या काठचे हे गाव पुंडरीकाच्या आठवणीसह येते. पुढे १२४९ च्या ताम्रपटात या स्थळाला पौंडरीक क्षेत्र म्हटले आहे. गावाची ओळख भक्ताच्या नावाने सांगितली जात होती, तीही ज्ञानोबा माउली आणि नामदेवराय यांच्या जन्माआधीपासून. १२७३ ते १२७७ या वर्षांतला चौऱ्यांशीचा शिलालेख तर सगळ्यांनी पाठ घासलेला. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाडपंत आहे, आणि त्यांच्याबरोबर देवाला दान देणाऱ्या साध्या माणसांची मोठी यादी आहे. विजयनगरच्या राजाआधी अडीचशे वर्षे देवाची सोय लावणारी माणसे अशी पसरलेली होती.

कोणी म्हणेल, हे सगळे अनुमान झाले. विटेवर देव नसताना माणसे येतात का, याचा पुरावा काय? पुरावा आहे. कारण हा प्रसंग पुढे खरोखरच आला, एकदा सोडून अनेकदा. १६५९ साली अफजलखान वाईकडे निघाला तेव्हा पंढरपूरला मोठा धोका होता आणि मूर्ती आधीच हलवली होती, असे परंपरा सांगते. त्यानंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर पडले. १६९५ ते १६९९ या काळात बादशहाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या भीमेच्याच काठी, पंढरपूरच्या खालच्या अंगाला होती. त्या दिवसांत मूर्ती देगावी दडवून ठेवली होती, ही हकीकत पंढरपुरात आजही सांगतात.

आणि नेमक्या याच धामधुमीत वारीचे काय झाले? विजापूर पडण्याच्या आदल्या वर्षी, १६८५ च्या सुमारास, तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पादुका पालखीत घालून पालखी सोहळा सुरू केला. माउली, हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलुखात फौजा फिरत आहेत, रस्ते धड नाहीत, उद्या देव जागेवर असेल की नाही याचा भरवसा नाही, आणि देहूचा हा माणूस देहूहून आळंदी, आळंदीहून पंढरी अशी पालखी नेतो. आज आपण जो सोहळा पाहतो त्याचे मूळ त्या वाईट काळात आहे. मूर्ती डगमगत होती तेव्हा वारी वाढली.

हंपीकडेही याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तिथला गाभारा रिकामा झाला, पण तिथला विठ्ठल संपला का? पुरंदरदास त्याच नगरीत राहून गात होते. आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी ते पुरंदर विठ्ठल अशी मुद्रा घालीत. १५६४ साली ते गेले, पुढच्याच वर्षी राजधानी गेली. त्यांची पदे मात्र कर्नाटकात घरोघर आहेत आणि गाणे शिकणारे पोर आजही त्यांनी घालून दिलेल्या धड्यांपासून सुरुवात करते. राजाचा पाषाण राहिला तो पाहण्यापुरता, दासांचे शब्द राहिले ते गाण्यासाठी.

म्हणून मला वाटते की भानुदासांच्या प्रवासातली खरी जोखीम दुसरीकडे होती. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. भानुदास सुळावरून वाचले नसते तर? चक्रपाणी तोवर जन्मले असतील, वंश चाललाही असता. पण परक्या राजाने चोर म्हणून मारलेल्या माणसाच्या घरात आणि देव परत आणणाऱ्याच्या घरात पोर सारखेच वाढत नाही. त्या घरात नाथ झाले असते का, आणि झाले असते तरी ज्ञानेश्वरीला हात घालण्याचे धैर्य त्यांना झाले असते का, हा प्रश्न मूर्तीच्या प्रश्नाहून मला अवघड वाटतो.

कारण पोथीचे दुखणे मूर्तीपेक्षा वेगळे असते. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. नाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे गेली. तेवढ्यात भाषा बदलली. नकलून घेणाऱ्याला जुना शब्द कळेना की तो कळणारा घालायचा. कोणी चालीसाठी अक्षर वाढवी, कोणी भाविकपणे स्वतःची ओवी मध्ये बसवी. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणूनच ते थांबवणे कठीण होते. मूर्ती चोरीला गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. पोथी अशी हळूहळू जाते आणि रोज वाचणाऱ्यालाही ते कळत नाही. नाथांनी प्रती गोळा करून पाठ लावला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. जुन्या भाषेच्या शोधात राजवाड्यांनी पाटांगणची पोथी १९०९ मध्ये छापली तेव्हापासून अभ्यासकांचे पाठभेदांवर वाद चालू आहेत, ते चालू राहोत. पण नाथांनी ते काम केले नसते तर प्रत्येक फडाची ज्ञानेश्वरी निराळी झाली असती. आज सप्ताहात पाचशे माणसे नऊ हजारांवर ओव्या एका सुरात वाचतात. शेजारी बसलेल्याची ओवी आपल्या पोथीत नाही, असे झाले तर पारायण पहिल्याच अध्यायात बंद पडेल.

जर-तरचे दार असे एकदा उघडले की फक्त राजांचे आणि फौजांचे प्रश्न विचारून भागत नाही. काही प्रश्नांत ना कृष्णदेवराय आहे, ना अफजलखान. आपणच आहोत. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. शके १२६० म्हणजे १३३८ साल. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. त्या वर्षी, किंवा त्याच्या दहा वर्षे आधी, चोखोबांना कोणी हाताला धरून आत नेले असते तर? त्यासाठी सुळाला पालवी फुटायची गरज नव्हती. दार आतून उघडायचे होते.

तसे झाले असते तर काय बदलले असते, हे सांगणे सोपे नाही. चोखोबांच्या एका घरातून सोयराबाई, कर्ममेळा, निर्मळा आणि बंका यांचे अभंग आपल्यापर्यंत आले. दाराबाहेर राहून एका घराने एवढे दिले. आत येऊन अशी किती घरे बोलती झाली असती, त्यांतल्या कोणाच्या ओव्या आज आपल्या हरिपाठाशेजारी असत्या, आणि ज्या दिंड्यांत कोण कोणाच्या मागे चालायचे यावर अजून कुजबुज होते त्या दिंड्यांची चाल कशी असती, याचा हिशेब कोणत्याही शिलालेखात मिळायचा नाही. शिलालेखात झालेली दाने असतात. न दिलेली नसतात.

ते दार उघडले १९४७ साली. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, मग १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि १० मे रोजी ते सुटले. चोखोबांच्या समाधीला त्या वर्षी ६०९ वर्षे झाली होती. समाधीपासून नामदेव पायरी हाकेच्या अंतरावर आहे.