अल्लादीनच्या दिव्याला तीनचा हिशेब कोणी लावला?

सुट्टीत भाचा आला तो वीस बाजूंचा फासा आणि जाड पुस्तकं घेऊन. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. खेळातल्या त्याच्या पात्राला एक बाटली सापडली होती, आत इफ्रित. "मामू, नशीब असेल तर तीन इच्छा पुरवतो. अल्लादीनसारखा."

अल्लादीनच्या किश्शात तीनचा हिशेबच नाही. अलेप्पोच्या हन्ना दियाब या मारोनी ख्रिस्ती तरुणाने तो १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालांला ऐकवला. गालांने तो आपल्या फ्रेंच 'हजार एक रात्रीं'त घातला. दिवा कितीही वेळा घासा, जिन हजर. नकार एकदाच येतो. घुमटाला रुख पक्ष्याचं अंडं टांगायला सांगितल्यावर जिन खवळतो: माझ्या धन्यालाच टांगायला सांगतोस? म्हणजे मर्यादा होती, पण अदबीची; आकड्याची नव्हे.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याला आकडा लागणारच होता. टेबलाभोवती पाच जण बसलेत आणि एकाकडे कधीच न संपणारा दिवा असेल, तर बाकीच्यांनी काय चहा करायचा? म्हणून जादूच्या कांडीत मोजून 'चार्ज' भरले. जुन्या नियमांत शंभराच्या आसपास, २००० च्या आवृत्तीत ५०. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये पकडलेला इफ्रित तीन इच्छा पुरवून सुटतो, नाहीतर जास्तीत जास्त १००१ दिवस चाकरी करतो. हा आकडा कुठला, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने मात्र मर्यादा वस्तूवरून उचलून माणसावर ठेवली. 'दिवसातून एकदा' चालणाऱ्या वस्तू जवळ कितीही असोत, नवख्या वीराने दिवसाला त्यातली एकच वापरायची. दोन लढाया झाल्या की आणखी एकदा. खेळाडू कुरकुरले. अंगठी वापरली म्हणून न वापरलेली तलवार का थकावी? याचं उत्तर नियमात होतं, गोष्टीत नव्हतं. मला ही तक्रार रास्त वाटते. दोन वर्षांत तो नियम गेलाही.

२०१४ पासून ज्या वस्तूंशी आधी नातं जुळवावं लागतं, अशा तीनच बाळगता येतात. बऱ्याच कांड्यांत ७ चार्ज असतात, पहाटे काही परत भरतात. सातही संपवले तर फासा टाकायचा. एक पडला की कांडीची राख. ही युक्ती मला आवडली. हाव करायची मुभा आहे, जोखीम तुमची.

भाच्याने बाटली अजून उघडलेली नाही. इफ्रित बाहेर येताच अंगावर धावण्याची शक्यता दहात एक आहे. रात्री जेवताना त्याने विचारलं, "मामू, मी अंडं मागितलं तर?"