नांव, नाव आणि स्टेशनरी

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने भित्तिपत्रकासाठी लागणाऱ्या कागद, शाई, पुठ्ठे इत्यादी साहित्याच्या मागणीचा अर्ज इंग्रजीत लिहिला. ‘स्टेशनरी’ या शब्दाच्या अखेरीस ‘ई-आर-वाय’ हवे, तेथे त्याने ‘ए-आर-वाय’ लिहिले. अर्ज तांबड्या वर्तुळासह परत आला आणि अध्यापकांच्या खोलीत त्यावर हशा पिकला. ‘ए’ घातला की त्या शब्दाचा अर्थ ‘न हलणारे, स्थिर’ असा होतो. तेव्हा ‘मराठी विभागाला आता स्थैर्य हवे आहे वाटते’, असा विनोद कोणीतरी केला. त्या हसण्यात आम्हीही होतो, हे येथे सांगितले पाहिजे. मुलगा खेड्यातील मराठी शाळेतून आलेला. त्यानंतर त्याने इंग्रजीतली एक ओळही आमच्यापुढे ठेवली नाही. या दोन शब्दांची कुळकथा आम्हांला कळली, तोवर तो पदवी घेऊन निघून गेला होता.

कुळकथा अशी की, हे दोन शब्द मुळात एकाच घरचे. लॅटिनमधील ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, हे क्रियापद आणि संस्कृतातील ‘स्था’ हा धातू यांचे मूळ एकच. स्थान, स्थिर, स्थानक हे आपले शब्द आणि आगगाडीबरोबर आलेले ‘स्टेशन’ ही त्यामुळे दूरची भावंडे ठरतात. याच कुळातील एक मध्ययुगीन लॅटिन शब्द एका विशिष्ट दुकानदारासाठी रूढ झाला. गावोगाव हिंडून माल विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या उलट जो एका जागी दुकान मांडून बसे, तो हा. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या आश्रयाने असे जे दुकानदार बसले ते ग्रंथांचे. विद्यापीठाने मान्य केलेली मूळ प्रत ते आपल्यापाशी ठेवीत आणि तिचे सुटे भाग नकलेसाठी भाड्याने देत. एक विद्यार्थी पहिला भाग उतरवीत असताना दुसऱ्याला तिसरा भाग नेता येई. छापखान्यापूर्वी ग्रंथप्रसाराची केवढी ही युक्ती! झेरॉक्सच्या दुकानासमोर परीक्षेच्या आदल्या दिवशी लागणारी रांग पाहिली की आम्हांला या मंडळींची आठवण होते.

लंडनमध्ये १४०३ साली या व्यवसायातील लोकांचा संघ उभा राहिला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. ग्रंथ छापण्याचा हक्क या ‘स्टेशनर्स कंपनी’च्या वहीत नोंदविला जाई, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओची नोंदही तेथेच आहे. कालांतराने ग्रंथविक्री आणि प्रकाशन हे व्यवसाय वेगळे निघाले आणि ‘स्टेशनर’च्या वाट्याला कागद, शाई, लेखण्या एवढेच उरले. त्याच्या दुकानातील माल ती ‘स्टेशनरी’. त्याच्या नावाच्या शेवटी ‘ई-आर’, म्हणून मालाच्या नावातही ‘ई’. ‘स्थिर’ या अर्थाचे विशेषण मात्र लॅटिनच्या वळणावर राहिले, म्हणून त्यात ‘ए’. इंग्रजीचे शिक्षक हा भेद ‘एन्व्हलप’मधील ‘ई’ लक्षात ठेवून पाठ करून घेतात. युक्ती चांगलीच आहे. पण तिने दुकानदार पुसला जातो. आमच्या विद्यार्थ्याच्या चुकीत तो दुकानदार, एका जागी बसून राहिलेला, पुन्हा दिसला होता.

सारख्या दिसणाऱ्या व भिन्न अर्थांच्या शब्दांच्या ज्या याद्या मार्गदर्शकांच्या अखेरीस छापलेल्या असतात, त्यांत असे जुळे पुष्कळ सापडतात. सर्वांत नवलाची जोडी ‘फूल’ आणि ‘पीठ’ यांची. इंग्रजीत दोहोंचा उच्चार बहुधा सारखाच. स्पेलिंगमध्ये मात्र एकीकडे ‘डब्ल्यू-ई-आर’, दुसरीकडे ‘यू-आर’. (आपल्या मंडईत ‘फ्लॉवर’ म्हटले की तिसरीच वस्तू पिशवीत पडते, ते असो.) हे दोन शब्द नाहीतच, फ्रेंचमधून आलेला तो एकच शब्द आहे. धान्य दळून चाळल्यावर जो सर्वांत बारीक, उत्तम भाग हाती येतो तो त्या दळणाचे ‘फूल’, अशी ती कल्पना. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या १६६७ च्या आवृत्तीत फुलांसाठी वापरलेले स्पेलिंग आज आपण पिठासाठी वापरतो ते आहे. उलट सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात पिठाला वेगळी नोंदच दिली नाही. फुलाच्या नोंदीतच धान्याचा खाण्याजोगा भाग हा अर्थ देऊन तो पुढे गेला. दोहोंची कायमची ताटातूट त्यानंतरची. म्हणजे आज ज्या उत्तराला आपण शून्य गुण देऊ, ते लिहिणाऱ्याच्या बाजूने मिल्टन किंवा जॉन्सन यांपैकी एकजण नक्की उभा राहील.

दुसरी जोडी ‘मेटल’ची. ‘ए-एल’ असेल तर धातू, दोन ‘टी’ आणि शेवटी ‘एल-ई’ असेल तर माणसाच्या अंगचे तेज, कस. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थांसाठी दोन्ही स्पेलिंगे चालत, आणि त्याच्या नाटकांतील कितीतरी श्लेष या मोकळेपणावर उभे आहेत. संपादक जेव्हा आधुनिक वाचकासाठी यांतले एक स्पेलिंग निवडतो, तेव्हा श्लेषाची एक बाजू तो नकळत झाकून टाकतो. येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. आपणही माणसाचा कस धातूवरूनच मोजतो. फक्त शब्द ‘पाणी’ हा वापरतो. तापलेल्या पोलादाला पाणी देतात, तलवारीचे पाणी पाहतात आणि प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखतात. आपण एका शब्दावर भागवले; इंग्रजीने शब्द फोडून दोन केले.

‘मानवी’ आणि ‘माणुसकीचा’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एका ‘ई’ने वेगळे होतात आणि तो ‘ई’ अठराव्या शतकात अर्थवाहक ठरला. ‘विवेकी’ आणि ‘सुटासुटा’, ‘पूरक’ आणि ‘प्रशंसा’, ‘प्रवास’ आणि ‘यातना’ या जोड्याही एका पोटच्याच. शेवटच्या जोडीविषयी जुन्या एस.टी.ने वाडीवस्तीचा प्रवास केलेल्यांना पुरावा लागणार नाही. ‘प्राचार्य’ आणि ‘तत्त्व’ यांच्यासाठीचे शब्द मात्र जुळे नाहीत, चुलतभाऊ आहेत. दोन्ही ‘प्रथम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे जातात. ‘तत्त्वा’च्या फ्रेंच रूपात ‘एल’ नव्हता, तो इंग्रजीत येताना इतर शब्दांच्या अनुकरणाने चिकटला. आणि ‘वाळवंट’ व ‘जेवणानंतरचे गोड’ यांचा तर काहीच संबंध नाही. पहिल्याचा अर्थ टाकून दिलेले, दुसऱ्याचा मेजावरची ताटे आवरणे. याद्या करणारे सर्वांना एकाच रांगेत उभे करतात आणि सर्वांची एकच घोकंपट्टी करवतात, ही आमची तक्रार आहे.

हे विभाजन बोलणाऱ्यांनी केलेले नाही. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा आणि नंतरही दीर्घकाळ एकाच पानावर एक शब्द दोन प्रकारे दिसे. ओळ भरण्यासाठी जुळारी एखादा ‘ई’ खुशाल वाढवीत. स्वतः शेक्सपिअरच्या उपलब्ध सह्यांत त्याच्या नावाचे लेखन एकसारखे नाही. शाळामास्तर, मुद्रक आणि कोशकार यांनी हळूहळू एकेका रूपाला एकेक अर्थ वाटून दिला. कानाला जो भेद ऐकू येत नाही तो डोळ्यांसाठी निर्माण झाला. ‘ऋण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात तर लॅटिन मूळ दिसावे म्हणून ‘बी’ घातला गेला. त्याचा उच्चार इंग्रजीत कोणी कधीच केला नाही.

मराठीने नेमका उलटा रस्ता धरला. पूर्वी ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी असे लिहिण्याचा प्रघात होता. त्या अनुस्वारात ‘नाम’मधल्या ‘म’ची खूण शिल्लक होती. ‘पांच’ ही संख्या आणि ‘पाच’ हे रत्न, हा भेदही तसाच. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, अनुच्चारित अनुस्वार गेले आणि नाम व होडी एकरूप झाली. अन्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या नियमाने ‘पाणि’, म्हणजे हात, हाही सुटा लिहिताना ‘पाणी’ होतो; ऱ्हस्व राहतो तो ‘पाणिग्रहणा’त. यामुळे कोणाच्या अर्थबोधाचा खोळंबा झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. नावेत बसताना कोणी आपल्या नावात बसत नाही. तरीही ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पिक’ आणि ‘पीक’ यांवर लाल शाई फिरवताना आमचा हात जितका सहज चालतो, तितक्याच सहजतेने त्या अर्जावर दुसऱ्या कोणाचा चालला होता. लाल शाई नको असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेत नियम पाळावाच लागतो. प्रश्न त्या हसण्याचा आहे.

मागच्या वर्षी ग्रंथालयातून १९६२ पूर्वीच्या एका कादंबरीची प्रत आम्ही वर्गासाठी मागवली. आमच्या आधी ती वाचलेल्या कोणीतरी, अक्षरावरून विद्यार्थीच असावा, पहिल्या चाळीस-पन्नास पानांतील प्रत्येक ‘नांव’वरचा अनुस्वार पेन्सिलीने काळजीपूर्वक खोडला होता आणि मग कंटाळून सोडून दिले होते.