व्रत आणि जमाखर्च : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे यांची विधिमंडळातील कारकीर्द

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात कै. अण्णा बाबाजी लठ्ठे (1878-1950) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या अण्णासाहेबांनी उच्च शिक्षण घेऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. 1899 मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ते आघाडीचे कार्यकर्ते होते. जैन धर्माचा परिचय करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1905 मध्ये प्रसिद्ध झाला, तर राजर्षी शाहू छत्रपतींचे त्यांनी लिहिलेले दोन खंडांतील चरित्र 1924 मध्ये प्रकाशित झाले.

त्यांचा संसदीय जीवनातील प्रवेश 1920 च्या निवडणुकीने झाला. असहकारितेच्या धोरणानुसार काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. ब्राह्मणेतर चळवळीतील अण्णासाहेबांनी मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात जाणे पसंत केले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत त्यांनी कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद भूषविले. कालांतराने त्यांनी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि जुलै 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अर्थखात्याची धुरा त्यांच्याकडे आली.

याच पदावर त्यांची खरी कसोटी लागली. काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले होते आणि अबकारीचे उत्पन्न हा मुंबई प्रांताच्या महसुलाचा मोठा आधार होता. मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांपैकी एक असल्याने अण्णासाहेबांना त्या धोरणाचे तत्त्व अपरिचित नव्हते. परंतु व्यक्तीने व्रत घेणे निराळे आणि शासनाने ते घेणे निराळे. व्यक्तीच्या व्रताची झळ तिला एकटीलाच लागते. शासनाने महसूल सोडला, तर शाळा, दवाखाने आणि रस्ते यांवरील खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

दारूबंदीची अंमलबजावणी अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. पण रिकाम्या होणाऱ्या तिजोरीची जबाबदारी अर्थमंत्र्यांवर होती. 1938 मध्ये अहमदाबादेत आणि 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. तूट भरून काढण्यासाठी 1939 च्या वित्त कायद्यान्वये शहरी स्थावर मिळकतींवर कर बसविण्यात आला. मुंबई शहरात तो वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के होता. घरमालकांत असंतोष पसरला. विरोधी बाकांवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सरकारच्या अर्थनीतीवर कठोर टीका केली. एवढ्या मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडण्यापूर्वी प्रांताच्या इतर निकडीच्या गरजांचा विचार व्हावा, हा आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता.

नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दारूबंदीचा तो पहिला प्रयोग टिकू शकला नाही. मिळकत कराचा वाद उच्च न्यायालयात गेला. हा कर वस्तुतः प्राप्तिकर असून तो बसविण्याचा अधिकार प्रांताला नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. तथापि न्यायालयाने कर वैध ठरविला. अशा रीतीने ज्या ध्येयासाठी कर बसला ते मागे पडले आणि कर मात्र उरला!

तरीही या कारकिर्दीस केवळ अपयश म्हणता येणार नाही. त्यागाची घोषणा करून तिचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न अण्णासाहेबांनी टाळला नाही. शहरातील मिळकतदारांनी तो उचलावा, असे त्यांनी अंदाजपत्रकात उघडपणे मांडले आणि त्यापायी येणारा रोषही पत्करला.

सांगलीतील लठ्ठे एज्युकेशन सोसायटीच्या रूपाने त्यांचे नाव विद्यादानाशी जोडले गेले आहे. सार्वजनिक द्रव्याचा विनियोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यांच्या या दुसऱ्या वारशाचेही स्मरण ठेवावे. संकल्प कितीही पवित्र असो, त्याचा जमाखर्च समाजापुढे मांडण्याचे धैर्य हाही धर्मच होय.