मुंबई जवळ आली, असं वाटलं

बोलतोय भिलाईच्या स्मृतिनगरातून, पण आजची गोष्ट आपल्या जुन्नरची.

७ जुलै १९६२. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. वैमानिकाला वाटलं, मुंबई जवळ आली. त्यानं उंची कमी केली. प्रत्यक्षात मुंबई अजून ८० किलोमीटरहून दूर होती आणि समोर डोंगर होता. जुन्नरजवळ विमान आदळलं. ९४ जण होते, एकही वाचला नाही.

चौकशीत निघालं ते असं: जागेचा अंदाज चुकला, हाताशी असलेल्या साधनांनी तो पडताळला नाही आणि ठरलेली सुरक्षित उंची सोडली.

आम्ही फौजी नकाशावर आपली जागा कशी शोधतो? ओळखीची दोन शिखरं घ्यायची, होकायंत्रानं दोन्हींची दिशा मोजायची आणि नकाशावर त्या शिखरांपासून उलट रेघा ओढायच्या. छेदतील तिथं आपण. ढगात शिखरं दिसत नाहीत, म्हणून वैमानिकासाठी त्यांच्या जागी रेडिओ केंद्रं असतात. पण रेडिओ होकायंत्राची सुई केंद्राची दिशाच सांगते, अंतर नाही. त्यासाठी दुसऱ्या केंद्राची रेघ हवी. नाहीतर, केंद्रावरून पुढे जाताच सुई उलटी फिरते, त्या खुणेची वाट पाहायची.

उपकरणांवर उडायला शिकणाऱ्यानं पहिली गाठ हीच बांधावी: जागा पक्की होईपर्यंत उंची सोडायची नाही.