स्नानसंस्कारानंतरची आठ वर्षे

सोलापूरहून पुण्यास जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्थानक लागते. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ ते इथलेच. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे कन्या मनोरमेसह अँग्लिकन पंथात स्नानसंस्कार घेतला. फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने बुद्धीच्या शंका फिटल्या होत्या. मन मात्र हलले ते फुलहॅमला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे धर्मभगिनी करीत होत्या. हे कशासाठी, असे विचारता त्यांना संत योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली.

आणि तरीही, १९०७ सालच्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात की, ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभायचा होता. तारण ही आपली कमाई नव्हे, पाप्याला मिळालेले दान आहे, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले.

स्नानसंस्काराची कृपा आपण कॅथलिक याहून थोर मानतो, हे खरे. पण तान्हेपणीच ख्रिस्ती झालेल्या मला ते निवेदन दर वेळी अडविते. दृढीकरणाच्या वर्गात मी मुलांना विचारतो, “तुम्हांला तारण कशापासून हवे?” मुले गप्प राहतात. मागे बसलेले पालकही.