मुदतीची विद्या

विद्येला अंत नाहीं असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीला अंत असतो, आणि परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जितकी कळते तितकी घरीं राहून शिकणाऱ्यास कळत नाहीं. विलायतेस जाऊन आलेल्या थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि त्यांच्या पदव्यांवर खिळते. पदवी कोणत्या सालीं मिळाली हें आपण पाठ करतों. ती मिळेपर्यंतचे दिवस कोणाच्या पैशानें व कोणत्या अटीवर गेले, हें विचारीत नाहीं. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या लंडनमधील अभ्यासाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कारण तो अभ्यास एका वर्षांतच मोडला आणि तीन वर्षांनीं पुन्हां जोडावा लागला.

इ. स. १९१३ मध्यें श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. शिष्यवृत्ति तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची. आणि शिक्षण संपल्यावर बडोदें संस्थानची दहा वर्षें चाकरी करण्याचा करार. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ व ड्युई यांच्यासारखे तत्त्ववेत्ते तेथें गुरु लाभले. १९१५ त ते एम्. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यांत गोल्डनवायझर यांच्या वर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींवरील आपला निबंध वाचला.

एवढ्यावर थांबून परत येणें कोणालाही शोभलें असतें. पण हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचीं कागदपत्रें ‘इंडिया ऑफिस’मध्यें, म्हणजे लंडनमध्यें होतीं. आपल्याच देशाच्या जमाखर्चाचा अभ्यास करावयाचा तर आपल्या विद्यार्थ्यानें सातासमुद्रांपलीकडे जावें, असा तो काळ होता. आंबेडकर लंडनला गेले आणि ऑक्टोबर १९१६ मध्यें त्यांनीं ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ येथें अर्थशास्त्रासाठीं व ‘ग्रेज इन’ येथें बॅरिस्टरीसाठीं नांव घातलें. शिष्यवृत्तीस एका वर्षाची वाढ मिळाली होती. तें वर्ष सरलें आणि १९१७ च्या उन्हाळ्यांत अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें.

निघण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साह्यानें त्यांनीं विद्यापीठाकडून अशी परवानगी मिळविली, कीं ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत केव्हांही येऊन हा अभ्यास पुढें चालवितां यावा. जवळ पैसा नाहीं, पुढें दहा वर्षांच्या चाकरीचा करार, युरोपांत महायुद्ध पेटलेलें. अशा वेळीं ही परवानगी मागणाऱ्या मनुष्याच्या निश्चयाची कल्पना करावी. समुद्रानेंही कसोटी पाहिली. त्यांचें सामान ज्या बोटीनें येत होतें ती बोट पाणतीराला बळी पडली आणि ग्रंथ तळाशीं गेले. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे आले, त्यांतूनच पुढें बडोद्याचा प्रवास झाला.

बडोद्यास काय घडलें तें सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्क व लंडन येथें ज्याला कोणी जात विचारली नाहीं, त्याला येथें राहावयास खोली मिळेना. पारशी नांवानें एका पारशी उतारशाळेंत त्यांनीं कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें तेथूनही त्यांना बाहेर काढलें. संस्थानची नोकरी संपली. पण मुदतीचीं चार वर्षें चालूच होतीं.

नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत त्यांना अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली; पगार दरमहा साडेचारशें रुपये. काटकसरीनें राहून त्यांतील शिल्लक त्यांनीं गांठीं बांधली. श्रीमंत शाहू छत्रपतींनीं साह्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें कर्ज दिलें, आणि जुलै १९२० मध्यें आंबेडकर पुन्हां बोटींत चढले. मुदतीचें एक वर्ष आणि कांहीं महिने तेवढे उरले होते.

या वेळचा विद्यार्थी निराळा होता. प्रत्येक दिवस स्वतःच्या व मित्राच्या पैशानें विकत घेतलेला. ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत उघडतांना शिरावें आणि बंद होतांना उठावें, पोटाची उपासमार झाली तरी वाचनाची होऊं देऊं नये, असा क्रम चालला. १९२१ त एम्. एस्सी. झाले, १९२२ त बॅरिस्टर झाले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनीं डी. एस्सी. साठीं सादर केला. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं तो फेरलिहिण्यास सांगितलें. तोंवर पैसा पुन्हां संपला होता!

पण १९१७ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. एप्रिल १९२३ मध्यें ते मुंबईस परतले, येथेंच प्रबंधाला नवें रूप दिलें आणि तो लंडनला पाठविला. त्याच सालीं पदवी मिळाली व ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना कॅनन यांनीं लिहिली आहे. शिष्याच्या पुष्कळ मतांशीं आपण सहमत नाहीं, हें त्यांनीं तींत मोकळेपणें सांगितलें आणि त्याच्या विचारांतील ताजेपणाचा गौरवही केला. दोन वर्षांनीं चलनाविषयींच्या शाही कमिशनापुढें आंबेडकरांनीं साक्ष दिली, तेव्हां या अभ्यासाचा उपयोग सर्वांच्या ध्यानांत आला.

चार वर्षांची परवानगी मागण्याचें त्यांना सुचलें नसतें, तर लंडनचें तें पहिलें वर्ष चरित्रांतील एका ओळीपुरतें उरलें असतें. तसेंच कॅनन यांनीं मध्यस्थी केली नसती, भथेनांनीं कर्ज दिलें नसतें, आणि मुंबईंत रमाबाईंनीं तुटपुंज्या पैशांत संसार रेटला नसता, तर ती परवानगी नुसता कागदच राहती. पदवीपत्रावर नांव एकाचेंच लिहिलेलें असतें. पण विद्येचीं तीं वर्षें इतक्या जणांनीं मिळून पुरविलेलीं होतीं. आजही कोणाची शिष्यवृत्ति मध्येंच संपते आणि कोणी तरुण पुस्तकें बांधून घरीं येतो. त्याचा अभ्यास संपला असें आपण लगेच म्हणूं नये. त्याला मुदत कोण मिळवून देतो हें आधीं पाहावें.